शरणपुरे कोणी बांधायची?

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीस आमच्या धर्मग्राम परिषदेची सभा भरली होती. विषय अगदी साधा होता. नेऱ्याच्या आसपास इमारतींच्या कामावर असलेल्या झारखंडच्या काही मजुरांनी आणि फार्महाऊसवर राखण करणाऱ्या दोन नेपाळी कुटुंबांनी रविवारी दुपारी सभागृह वापरू द्यावे, अशी विनंती केली होती. अर्ज भरणे, घरी पैसे कसे पाठवावेत हे विचारणे, मुलांच्या शाळेची चौकशी करणे आणि दोन घटका पंख्याखाली बसणे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यावर आमचे एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले, "फादर, या लोकांचे काय करायचे हा दिल्लीचा प्रश्न आहे. आपण त्यात पडू नये." चार माना डोलल्या. विषय पुढील सभेवर गेला.

त्याच आठवड्यात हेच सद्गृहस्थ मुलाच्या कॅनडाच्या अर्जासाठी माझे शिफारसपत्र घेऊन गेले. मी ते आनंदाने लिहिले. मुलगा गुणी आहे, त्याचे भले व्हावे. हा लेख त्यांच्या वाचनात येईल हे मी जाणतो. ते रागावले तर मी त्यांच्या घरी जाऊन चहा मागेन. परंतु "हा दिल्लीचा प्रश्न आहे" हे त्यांचे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही, कारण ते एकट्या त्यांचे नाही. आपल्या नगरसेवकांचे तेच, अधिकाऱ्यांचे तेच आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांचे तेच वाक्य आहे. दिसावयास ते शहाणपणाचे आहे. माझ्या मते ती एक सोयीची पळवाट आहे, आणि ती बुजविण्यासाठीच मी ही लेखणी उचलली आहे.

कायद्याच्या अक्षरापुरते ते खरे आहे, हे प्रथम मान्य करतो. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीतील एकोणिसावी नोंद देशात येणे, देशाबाहेर जाणे, देशातून घालवून देणे, पारपत्र आणि व्हिसा या साऱ्या गोष्टी केंद्राच्या हाती देते. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि नगरपालिकांसाठी बारावे परिशिष्ट आले. त्यात अठरा कामे आहेत. पाणी आहे, रस्ते आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे, दफनभूमीसुद्धा आहे. स्थलांतरित माणूस मात्र कोठेही नाही. म्हणजे तो शहरात जन्मला तर शहराने नोंद करावयाची आणि मेला तर शहराने जागा द्यावयाची. मधली चाळीसपन्नास वर्षे तो कोठून आला, कोठे जाणार आणि कोणाच्या आधाराने जगतो, हे विचारण्याचा शहराला जणू संबंधच नाही.

पण दिल्लीत झालेला कायदा दिल्लीत राहतो काय? जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पोटासाठी आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून पकडण्यात आले आणि सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय नागरिक असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. नियम केंद्राचा होता, सीमा केंद्राची होती. पण त्या माणसांना उचलले गेले ते आपल्या शहरांतून. त्या घडीला त्यांच्या बाजूने उभा राहू शकेल असा कोण होता? घरमालक होता, मुकादम होता, शेजारी होते, वॉर्डातला नगरसेवक होता. ज्याला त्याने पाहिले आहे, ज्याच्याकडून भाडे घेतले आहे, ज्याच्या हातून आपले घर बांधून घेतले आहे, असा कोणी तरी पोलीस ठाण्यात गेला असता आणि "मी याला ओळखतो" एवढेच म्हणाला असता तर? आंतरराष्ट्रीय स्थलांतराचे धोरण असे भाडेकराराच्या कागदावर आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर अमलात येत असते.

नेपाळी राखणदाराचेही तेच. १९५० च्या भारत-नेपाळ तहाने त्याला येथे राहण्याचा व काम करण्याचा हक्क दिला. तरीही मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा शेकडो नेपाळी मजूर धारचुल्याजवळ महाकाली नदीच्या काठावर अडकले आणि काहींनी प्रवाहात उड्या घेऊन पलीकडचा तीर गाठला. तह त्यांच्या बाजूने होता. पण संकटाच्या दिवशी त्यांना थांबवून घेणारे, दोन वेळचे अन्न व डोक्यावर छप्पर देणारे गाव वा शहर त्यांच्या बाजूने नव्हते.

आता माझ्या मित्रांचा दुसरा मुद्दा. ते म्हणतात, शहरांनी परराष्ट्रव्यवहारात तोंड घालणे हे नवे, पाश्चात्य फॅड आहे. येथे मात्र त्यांना इतिहास दाखविल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो इतिहास आपल्या मुंबईचा आहे.

गुलामगिरी कायद्याने संपली त्यानंतर ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याची प्रथा सुरू झाली. १८३४ पासून मॉरिशसला जहाजे जाऊ लागली. मॉरिशसमध्ये आजही मराठीपण जपणारी कुटुंबे आहेत. त्यांचे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरावर आले आणि तेथून बोटीत चढले. या प्रथेविरुद्ध मोठा आवाज उठला तो जुलै १८३८ मध्ये कलकत्ता शहराच्या टाऊन हॉलमध्ये. त्यानंतर चौकशी समिती नेमली गेली आणि मजुरांची निर्यात काही काळ थांबली. पुढे १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मुंबई बंदरही त्यासाठी खुले झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी आलेले गांधीजी मुंबईत होते. तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी सांगण्यासाठी जाहीर सभा भरविण्यात आली. फिरोजशहा मेहता अध्यक्ष होते. हे मेहता म्हणजे मुंबई महापालिकेचा कणाच. तरुण बॅरिस्टराचा आवाज सभेत फुटेना, तेव्हा त्यांचे भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखविले. नाताळमधील मजुराचे दुःख मुंबईच्या रस्त्यावर सांगितले गेले आणि मुंबईने ते आपले मानले. १९१० मध्ये आपल्या कोकणातले गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात नाताळची भरती थांबविण्याचा ठराव मांडला व तो मान्य झाला. १९१२ मध्ये संपूर्ण करारपद्धतीच रद्द करण्याचा त्यांचा ठराव सरकारी मतांनी पाडला. विधिमंडळाची वाट अशी बंद झाली.

मग पुन्हा शहर पुढे आले. मुंबईत इंपीरियल सिटिझनशिप असोसिएशन नावाची संस्था होती. जहांगीर पेटिट तिचे धुरीण. सी. एफ. अँड्र्यूज आणि पीअर्सन यांनी १९१५ मध्ये फिजीला जाऊन तेथील मजुरांचे, विशेषतः स्त्रियांचे हाल स्वतः पाहिले होते आणि त्यांच्या अहवालाने साऱ्या देशाचे मन पेटले होते. सरकार म्हणत होते, प्रथा "यथावकाश" बंद करू. १९१७ च्या आरंभी मुंबईत कार्यकर्ते एकत्र बसले आणि मागणीची भाषा काय असावी यावर वाद झाला. कोणी म्हणाले "शक्य तितक्या लवकर", कोणी म्हणाले "ताबडतोब". गांधीजींनी आग्रह धरला तो एका निश्चित तारखेचा. अखेर ३१ जुलै १९१७ ही तारीख ठरली. मुंबईने ठराव केला, इतर शहरांनी त्याची री ओढली. जायजीबाई पेटिट यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयला भेटले. आणि त्या तारखेच्या आतच, मार्च १९१७ मध्ये, युद्धकालीन नियमांखाली मजूरभरती थांबविण्यात आली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. त्यापाठोपाठ १९२२ चा परदेशगमनाचा कायदा आला.

मला या प्रकरणातील तारखेचा आग्रह फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे सत्ता नसते तेव्हा आपण विशेषणांवर समाधान मानतो. मुंबईच्या त्या मंडळींकडे मंत्रिपद नव्हते, सैन्य नव्हते, मताधिकारही नावापुरता होता. त्यांच्याकडे सभागृह, वर्तमानपत्रे आणि एक तारीख होती. साम्राज्याच्या मजूरधोरणाला त्यांनी वाकविले. आणि आम्ही, ज्यांना मताधिकार आहे, महापालिका आहे, आमदार-खासदार आहेत, ते म्हणतो की हा दिल्लीचा प्रश्न आहे!

आता थोडे घरचे. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोवेकरांचे कूड होते. काही अजून तग धरून आहेत. गावाच्या नावाचा एक कूड. भिंतीला लागून ट्रंका, रात्रीची चटई, सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी, गावच्या संताचा सण. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी तेथे थांबत, आचारी व बटलर थांबत, आफ्रिकेला व आखाताला निघालेले थांबत. भाडे इतके अल्प की, कोणाला उपाशी परतावे लागू नये. आणि ध्यानात घ्या, १९६१ पर्यंत ही माणसे कायद्याच्या दृष्टीने पोर्तुगालची प्रजा होती. म्हणजे मुंबईतले परदेशी नागरिकच! ज्यांच्या आजोबांचा ट्रंक कधी काळी अशा भिंतीला टेकला होता, त्यांनी नेपाळी राखणदाराच्या ट्रंकेकडे संशयाने पाहावे, हे मला बघवत नाही. मुंबईने त्या काळी गोवेकरांना घालवून दिले असते तर आज गोव्याची कित्येक घरे उभीच राहिली नसती.

दुसऱ्या महायुद्धातील पोलिश निर्वासितांची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण ते बहुतांशी आपलेच कॅथॉलिक बांधव होते. सैबेरियातून सुटलेल्या मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये वांद्र्यात उतरली. पुढे १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश स्त्रीपुरुषांची वसाहत उभी राहिली. शाळा, चर्च, दुकाने, सारे होते. १९४८ पर्यंत ती टिकली. निर्णय वरच्या सरकारांनी घेतले असतील, पण त्या लोकांना दूध, भाजी आणि मैत्री दिली ती कोल्हापूरच्या माणसांनी.

बाहेरच्या जगात हीच गोष्ट आता उघडपणे बोलली जाते. इटलीच्या सरकारने २०१८ मध्ये एका फर्मानाने आश्रय मागणाऱ्यांची नावे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत घालण्यास मनाई केली. नोंद नाही म्हणजे पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणजे दवाखाना, नोकरी, बँक सारेच दुरापास्त. सिसिलीतील पालेर्मो शहराचे महापौर लेओलुका ओरलांदो यांनी जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केले की, आपल्या शहरात हे कलम लागू होणार नाही. मंत्री संतापले. पण जुलै २०२० मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले. एका नगरपालिकेची नोंदवही राष्ट्राच्या कायद्यापेक्षा सरळ निघाली.

डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे स्थलांतराविषयीचा पहिला जागतिक करार स्वीकारला गेला. त्यात २३ उद्दिष्टे आहेत. १९ डिसेंबरला राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्यावर मतदान झाले, तेव्हा १५२ देश अनुकूल होते. भारत त्यांपैकी एक. राष्ट्रप्रमुख जमण्याच्या दोन दिवस आधी त्याच गावी महापौर जमले होते. अमेरिकेने वाटाघाटींतून आदल्या वर्षीच अंग काढून घेतले होते, तरी न्यू यॉर्क शहराने आपले म्हणणे मांडणे सोडले नाही. त्या वर्षी महापौरांची स्थलांतर परिषद स्थापन झाली. मिलान, माँट्रियाल, कंपाला, फ्रीटाऊन यांसारखी शहरे तिच्यात पुढे होती. त्याआधी जुलै २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या महापौरांना व्हॅटिकनमध्ये बोलाविले होते, तेही मानवी व्यापार आणि हवामान या प्रश्नांवर. राष्ट्रप्रमुखांना न बोलाविता महापौरांना बोलाविण्यात पोपमहोदयांचे शहाणपण होते असे मी समजतो.

आणि आपली शहरे? मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीतील निवडणुकीपर्यंत लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. पनवेलची गतही तीच. महापौरच नाही, तर माराकेशला जाणार कोण? आणि महापौर असला तरी कायद्याने कारभाराची किल्ली आयुक्ताच्या कमरेला. ही दुबळी व्यवस्था बदलली पाहिजे, यात मतभेद नको. पण अधिकार नाहीत म्हणून आवाजही नाही, हे मला मान्य नाही. १९१७ च्या मुंबईकडे कोठे अधिकार होते?

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. आमच्याच परिषदेतील एका तरुण शिक्षिकेने तो घेतला. ती म्हणाली, "फादर, शहरांना आवाज दिला तर ती दार उघडतील असे आपण का धरून चालता? ती दार लावूनही घेतील." तिचे खरे आहे. परक्या भाषेच्या माणसाला हुसकावण्याचे राजकारण मुंबईत १९६० च्या दशकात याच रस्त्यांवर वाढले. शहर हे काही संत नव्हे. माझे उत्तर एवढेच की, आजही दार लावलेच जाते. फक्त ते कोणी लावले हे कळत नाही. सोसायटीची समिती लावते, दलाल लावतो, शाळेचा कारकून लावतो. हाच विषय महापालिकेच्या सभागृहात आला तर निदान कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे तरी दिसेल. हातांची मोजदाद झाली की, मतदारालाही काही विचारता येते.

नेऱ्याकडे वळतो. पनवेल ही १८५२ पासूनची नगरपालिका. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती महापालिका झाली. आमचे नेरे तिच्या हद्दीबाहेर. परंतु पनवेल शहर ज्या देहरंग धरणाचे पाणी पिते, ते धरण आमच्याच वाटेवर, गाढी नदीवर. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणमधील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर उभारू लागली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी लढा दिला, तेव्हा गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे, म्हणजे नैनाचे, सावट आमच्या शिवारावर आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, तेथून विमाने उडू लागली. त्या दिवशी मिस्साच्या वेळी आमच्या मुलांचे डोळे वेदीकडे कमी आणि आकाशाकडे अधिक होते.

स्थानिक आगरी, कराडी, कोळी, कातकरी माणसाच्या मनात राग आहे, आणि तो रास्त आहे. ज्याची भातशेती गेली, त्याला त्याच जमिनीवर आलेला परका डोळ्यांत खुपतो. पण त्याची जमीन झारखंडच्या गवंड्याने घेतली नाही. नेपाळ्याने त्याच्या मुलाची नोकरी पळविली नाही; विमानतळावरच्या नोकरीची जाहिरात देणारा दुसराच. हा राग चुकीच्या दारावर नेऊन ठेवणारे लोक शहाणे आहेत, आणि तो नेणारे आम्ही भोळे.

हे विमानतळ म्हणजे उद्याचे बंदर आहे. येथून आमची मुले जातील आणि येथे दुसऱ्यांची उतरतील. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका तरुणाने आखातातील नोकरीसाठी एका दलालाला दीड लाख रुपये दिले. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली दलाल नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून घेता येणारी रक्कम तीस हजार रुपये व कर एवढीच ठरलेली आहे. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दहावी न झालेल्याला काही देशांत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, विमा उतरवावा लागतो, हेही नाही. पैसे गेले, नोकरी मिळाली नाही. त्याला घेऊन मी एका कार्यालयात गेलो. तेथील साहेबांनी आम्हाला बसवून चहा दिला आणि म्हणाले, "फादर, हा विषय आमच्याकडे येत नाही." तेच वाक्य! दुसऱ्या कार्यालयातही तेच. विषय कोणाकडेच येत नाही. माणूस मात्र संध्याकाळी माझ्याकडे येतो आणि त्याची आई दाराशी रडत बसते.

२०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राने १९८३ च्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला व सूचना मागविल्या. ज्या शहरांतून माणसे जातात त्या शहरांच्या सभागृहांत त्यावर एक तास तरी चर्चा व्हावयास नको होती काय? पनवेलच्या महापालिकेने एक खोली, दोन माणसे आणि एक फलक एवढी तरी तरतूद करावी: जाणाऱ्याला दलालाची नोंद तपासून द्यावी, येणाऱ्याला भाडेकरार, रेशन आणि शाळा यांची वाट दाखवावी. सिडकोने नैनाच्या आराखड्यात मजुरांना भाड्याने राहता येईल अशी घरे धरावीत. शहर बांधणाऱ्याने त्याच शहरात पत्र्याखाली झोपावे, ही कसली योजना? आणि या दोन्ही संस्थांनी दिल्लीला लेखी कळवावे की, परदेशगमनाचा कायदा करताना बंदराच्या व विमानतळाच्या शहरांना विचारा.

जुन्या करारात गणनाच्या पुस्तकात सहा शरणपुरांची आज्ञा आहे. पळून आलेल्याने तेथे आश्रय घ्यावा. तो इस्राएली असो, परका असो वा मध्ये येऊन राहिलेला असो. आश्रय देण्याचे काम तेथे नगरांवर सोपविलेले आहे. नाशिकचे शरणपूर याच शब्दावरून वसले. अरबी गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना एका प्रॉटेस्टंट मिशनने त्या शहरात शिकविले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. काही नाशिककर आफ्रिकन १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडविलेल्या गुलामांची वसाहत उभारण्यास गेले. आमच्या नेऱ्यातही दाखला आहेच. कुष्ठरोगाने घराबाहेर पडलेल्यांना याच शिवारात शांतिवनाने आसरा दिला, तेव्हाही "हा सरकारचा प्रश्न आहे" म्हणणारे कोणी भेटलेच असतील.

सभागृहाचा विषय परिषदेच्या पुढील सभेत पुन्हा घेत आहे, आणि या वेळी तो पुढे ढकलला जाणार नाही. होय की नाही, हात वर करून सांगावे लागेल. महापालिका व सिडको यांना द्यावयाच्या पत्राचा मसुदा येत्या रविवारपासून सभागृहातील टेबलावर ठेवीत आहे. त्यात उत्तर देण्याची तारीखही घातली आहे. मिस्सानंतर तो वाचावा, दुरुस्त्या समासात लिहाव्यात आणि पटल्यास सही करावी. पेन कृपया घरून आणावे. मागच्या खेपेला ठेवलेली तिन्ही पेने नाहीशी झाली.